निवडलेली भाजी

विमलबाईंना घरात कोणी काही करू देत नसे, याचं कडाव गावात फार कौतुक होतं. बायका म्हणत, "काय नशीब काढलंय विमलबाईनं. नेरळात फ्लॅट, वर जायला लिफ्ट, सून नोकरीला, नि ही आपली बसून खाते." विमलबाई ऐकून नुसत्या हसत. बसून खाणं ही काय शिक्षा असते, हे बोलून दाखवायची सोय नव्हती. दाखवलं असतं तर याच बायकांनी म्हटलं असतं, हिला सुख टोचतंय.

नवरा, धाकलू, गेला तेव्हा भाताची जमीन चुलतदिराला खंडानं दिली आणि मुलगा स्वप्नील आईला नेरळला घेऊन आला. तो खालापूरकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सून श्रद्धा ठाण्याला एका ऑफिसात. नात अक्षदा शाळेत. भांडी-लादीला बाई होती, कपड्यांना मशीन होतं, गॅस श्रद्धाचा होता. विमलबाईंनी एकदा पोळ्या करून ठेवल्या, तर श्रद्धा म्हणाली, "आई, तुम्ही कशाला दमता?" तिच्या बोलण्यात खोट नव्हती. पण माणसाला कामातून काढायचं असलं की अशाच गोड शब्दांत काढतात, हे विमलबाई जाणून होत्या.

एक काम मात्र राहिलं होतं, भाजी निवडायचं. दुपार कलली की त्या बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरत, परात घेत, आणि पाय पसरून बसत. माठ, चवळी, अळू, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी. मुळं एकीकडे, जून देठ एकीकडे, कोवळं परातीत. श्रद्धा आठच्या सुमाराला येई, तेव्हा भाजी धुऊन, निथळून, झाकून तयार असे. श्रद्धा झाकण उचलून म्हणे, "आई, तुम्ही आहात म्हणून पालेभाजी होते हो या घरात." एवढ्या एका वाक्यावर विमलबाईंचा दुसरा दिवस जाई.

आणि नेमक्या त्याच घरात ते पाकीट आलं.

झालं असं की श्रद्धाची साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जेवणाआधी कच्चा पाला खा. तिनं मार्टमधून सॅलडचं पाकीट आणलं. फुगलेली गुळगुळीत पिशवी, आत कुरळी हिरवी-तांबडी पानं. विमलबाईंनी पिशवी हातात घेतली, दाबून पाहिली, हुंगून पाहिली. प्लास्टिकशिवाय कशाचाच वास आला नाही.

"हे निवडलं कोनी?" त्यांनी विचारलं.

"निवडलेलंच असतं, आई. तीन वेळा धुतलेलं. फोडायचं आणि खायचं. लिहिलंय त्याच्यावर."

"लिवलंय म्हंजे झालं? कोनाचं हात लागलं, कुठलं पानी वापरलं, कोनाला ठावं? दुसऱ्यानं निवडलेली भाजी मी नाय खायची. भाजी घरच्यानं निवडावी गं."

"मला रोज घरी यायला आठ वाजतात. त्यानंतर काकडी सोलायची, गाजर किसायचं, पानं धुवायची. कधी करू?"

"मी हाय ना."

श्रद्धाला सासूचं मन मोडायचं नव्हतं आणि पाकीटही सोडायचं नव्हतं. स्वप्नीलकडे दोघींनी पाहिलं. तो अशा वेळी नेहमीच तळ्यात-मळ्यात करी. म्हणाला, "आईचं पण बरोबर आहे. पण तुझं पण बरोबर आहे." बायको आणि आई यांच्यामध्ये राहणाऱ्या पुरुषाला याहून शहाणं वाक्य अजून सुचलेलं नाही.

चार दिवसांनी पाकिटानंच न्याय केला. श्रद्धा अर्धं खाऊन फ्रिजमध्ये विसरली, आणि उघडून बघते तर खालच्या पानांचं बुळबुळीत पाणी झालेलं. विमलबाईंना त्या दिवशी जेवण जास्त गेलं. "पाकिटातला पाला पाकिटातच मेला," त्या अक्षदाला म्हणाल्या. श्रद्धाही हसली. म्हणाली, "हरले बाबा. उद्यापासून तुमच्या ठमीची भाजी."

ठमी कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकूरवाडीतली. विमलबाई लग्न होऊन कडावला आल्या तेव्हापासून ती रानभाजी घेऊन दारात यायची. एकीनं टोपली उतरवायची, दुसरीनं चहा टाकायचा, हा रिवाज. दोघींचे केस एकाच सुमाराला पिकले. विमलबाई नेरळला आल्यावर ठमी कर्जतवरून तिथवर यायला लागली. विमलबाईंनी वॉचमनला दटावून तिला आत घेतलं, इमारतीतल्या बायकांची ओळख करून दिली, आणि बघता बघता सगळी सोसायटी ठमीकडून भाजी घ्यायला लागली. आपण ठमीचं कल्याण केलं, असं विमलबाईंना वाटे. ते खोटंही नव्हतं.

आता विमलबाईंच्या मनात एक गोष्ट होती, ती कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांना नीट दिसत नव्हतं. दुधावर साय धरते तसं डोळ्यांवर काहीतरी धरत चाललं होतं. आधी टीव्हीवरची अक्षरं गेली, मग माणसांची नाकं-डोळी गेली, मग परातीतली भाजी नुसता हिरवा ढीग झाली. त्यांनी चकार शब्द काढला नाही. भाजी त्या बोटांनी ओळखू लागल्या, वासानं ओळखू लागल्या. चहा टाकताना पातेल्यात बोट धरत. सुईत दोरा अक्षदाकडून ओवून घेत आणि म्हणत, "शिक गं, पोरीच्या जातीला यायला हवं."

ऑपरेशनची भीती होती असंही नाही. भीती वेगळीच होती. कडावला त्यांच्या सासूला दिसेनासं झालं, तेव्हा भातात खडे राहू लागले. एक दिवस विमलबाईंनीच तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता, आत्या. तुमी बसा." त्या वेळी आपण सून म्हणून केवढं चांगलं वागलो असं त्यांना वाटलं होतं. सासू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ओटीवर बसून असायची, आणि रिकामे हात मांडीवर पाखडल्यासारखे हलायचे. पोरं बघून हसायची. ते हात विमलबाईंना आता रोज आठवत. एकदा का यांना कळलं की हिला दिसत नाही, की परात गेली. मग आपण आणि आपले हात.

पण देवाची दया अशी की निभत होतं. गेले दोन पावसाळे ठमीची भाजी कधी नव्हे ती स्वच्छ येत होती. टाकळ्यात गवत नाही, फोडशीचा पांढरा दांडा आधीच काढलेला. शेवळंसुद्धा सोललेली. "वरचं पान सुकून जातं वाटंत, म्हून काढलं," ठमी म्हणे, "वझं पन हलकं व्हतं." विमलबाईंना वाटे, आपलाच हात इतका बसलाय की न बघता काम होतंय. श्रद्धाला त्या ऐटीत म्हणाल्याही, "निवडायला डोलं लागत नाय, सवय लागते."

मग मृगाच्या दिवसांत ठमीला ताप आला आणि टोपली घेऊन तिची सून आली. टोपलीत शेवळं होती. शेवळं म्हणजे आमच्याकडे वर्षातून एकदा मिळणारी चैन, तिच्यासाठी माणसं मटण बाजूला ठेवतात. पण तिची एक अट असते. पान सोललं की आत दांडा, आणि दांड्याच्या बुडाशी पिवळसर दाणेदार भाग. तो खाजरा. तो काढून टाकायचा, एकही राहू द्यायचा नाही. हे कर्जतच्या पोरीला शिकवावं लागत नाही.

सुनेनं आणलेली शेवळं न सोललेली होती, जशी रानातून उपटली तशी. विमलबाई वर्तमानपत्रावर बसल्या आणि त्यांनी सोलायला घेतलं. हाताला पानांचा चिकट ओलावा लागत होता, दांडा कुठला आणि दाणे कुठले, बोटं चाचपत होती. काढले त्यांनी. ज्यांचे सापडले त्यांचे काढले. मध्येच वाटलं, अक्षदाला हाक मारावी, म्हणावं, जरा बघ गं पिवळं काही राहिलंय का. हाक तोंडापर्यंत आली होती. मग वाटलं, पोर रात्री आईला सांगेल. त्यांनी परात झाकून ठेवली.

श्रद्धानं हौसेनं सोडे घालून, काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, रस घालून भाजी केली. पहिला घास अक्षदानं घेतला, दुसरा घेतला, आणि ती गळ्याला हात लावून रडायला लागली. घशात सुया टोचल्यासारखं होत होतं. पाठोपाठ सगळ्यांचेच घसे धरले. मोठ्यांचं चिंच-गूळ खाऊन भागलं, पण पोरीचे ओठ सुजले, तिला धड बोलता येईना. स्वप्नील तिला उचलूनच दवाखान्यात घेऊन गेला. इंजेक्शन दिलं, सूज उतरली. सकाळी पोर शाळेत जायला तयारही झाली. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं.

स्वप्नीलनं सकाळी चहा घेताना विचारलं, "आई, नीट निवडली होतीस ना?"

त्यानं सहज विचारलं होतं, आवाजात राग नव्हता. त्या वेळी विमलबाई म्हणाल्या असत्या, बाळा, मला दिसत नाय रं, तर काय झालं असतं? थोडं रागावला असता. डॉक्टरकडे नेलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सासूचे हात आले, आणि तोंडातून निघून गेलं, "माझा जलम गेला शेवलं निवडन्यात. जून काढून आनली असतील. भाजी कशी हाय ते शेवटी आननाऱ्यावर असतं."

"म्हणजे ठमीची चूक?" श्रद्धानं विचारलं.

"मंग काय माझी?"

एवढंच. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत झालं सगळं. पण बोललेला शब्द विमलबाईंच्या हातात राहिला नाही. श्रद्धानं लेकीच्या काळजीनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की भाजीवाल्या बाईच्या भाजीनं मुलीचा घसा सुजला, सगळ्यांनी जपा. तिनं काही वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. पण ग्रुप म्हणजे वाळलेलं गवतच. संध्याकाळपर्यंत कोणी म्हणालं विषबाधा, कोणी म्हणालं या लोकांची भाजी गटारावरची, आणि वॉचमनला सांगण्यात आलं, त्या बाईला फाटकातून आत सोडायचं नाही. या लोकांची भाजी गटारावरची! ज्या बाईनं डोंगर उतरून यांना रान खाऊ घातलं, तिची.

पुढच्या रविवारी ठमी आली. ताप गेला होता, अंगात ताकद आली नव्हती, हे आवाजावरून कळत होतं. फाटकापाशी वॉचमनची आणि तिची बोलाचाली झाली. मग तिनं खालूनच हाक दिली, "विमलबाय! अगं विमलबाय!"

विमलबाई बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या. स्वप्नील सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यांनी पुढे होऊन कठड्याला हात लावला असता, तरी पुरलं असतं. त्या पडद्याच्या आड सरकल्या. ठमीनं आणखी एकदा हाक मारली. मग वॉचमन काहीतरी बोलला, आणि हाक थांबली. स्वप्नीलनं मान वर करून विचारलं, "कोण गं?" विमलबाई म्हणाल्या, "कोन नाय."

त्यानंतर मार्टमध्ये जे झालं, त्याला झालं तरी काय म्हणायचं. श्रद्धानं त्यांना मुद्दाम बरोबर नेलं होतं. गारठलेल्या फडताळापुढे उभं राहून तिनं पाकीट हातात घेतलं, आणि सासूला विचारलं. खरंच विचारलं. "आई, घेऊ का? तुम्हाला नको असेल तर बाजारातून जुड्या घेऊ. पण ती भाजी कोण आणतं, कुठून आणतं, आपल्याला काय माहीत? तुम्हीच म्हणालात ना, भाजी आणणाऱ्यावर असतं."

आपलाच शब्द असा फडताळातून समोर येईल असं विमलबाईंना वाटलं नव्हतं. करावं तसं भरावं म्हणतात, पण ते इतक्या लवकर, सुनेच्या तोंडून, इतक्या आदरानं येतं हे कोणी सांगत नाही. त्यांनी पाकिटावर हात ठेवला. ते थंड होतं. आता नको म्हणायचं तर खरं सांगावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, "घे."

एकदा दार उघडलं की पाकिटामागून पाकीट येतं. सॅलडमागून चिरलेला दुधी आला, सोललेला लसूण आला, मोड आलेले मूग आले, खोवलेलं खोबरं आलं. घर सुखानं चाललं. श्रद्धा लवकर मोकळी होऊ लागली, तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालं असं स्वप्नील म्हणाला. तिची साखरही उतरली. कोणाचं म्हणून वाईट झालं नाही. विमलबाई दुपार कलली की उठून बाल्कनीच्या दाराशी जात आणि बसत. वर्तमानपत्र अंथरायचं काही कारण नव्हतं. एकदा अक्षदानं विचारलं, "आजी, तू हात का हलवतेस?" त्यांनी हात पदराखाली घेतले.

डोळ्यांचं बिंग अक्षदामुळेच फुटलं. तिनं गावाचं चित्र काढलं, आजीला तसं सांगितलं आणि कागद तिच्यापुढे धरला. विमलबाई म्हणाल्या, "झ्याक काढलंस गं गाव." पोरीनं गमतीनं कागदाची कोरी बाजू धरली होती. ती आधी हसली, मग घाबरली, आणि बापाला जाऊन सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू पार पिकलाय. दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं." परतताना रिक्षात स्वप्नील म्हणाला, "म्हणजे आई, शेवळांच्या वेळी..." आणि मग रस्त्याकडे बघत राहिला. विमलबाई वाट पाहत होत्या. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तो मायाळू मुलगा. त्यानं विचारलं नाही. मायाळू माणसांमुळे काही गोष्टी कायमच्या राहून जातात.

ऑपरेशनं झाली. पट्टी सुटली आणि जग धुऊन ठेवल्यासारखं लख्ख दिसू लागलं. श्रद्धाच्या कानामागचे पांढरे केस दिसले. बाल्कनीतून माथेरानचा डोंगर दिसला. फ्रिज उघडला तर पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली, "निवडलेले, धुतलेले, खाण्यास तयार". विमलबाईंनी ते दोनदा वाचलं. संध्याकाळी त्या श्रद्धाला म्हणाल्या, "आता मला चांगलं दिसतं. जुडी आनत जा गं. मी निवडीन."

"आता तर मुळीच नाही," श्रद्धा प्रेमानं म्हणाली. "डोळ्यांना ताण नको. तुम्ही बसा."

तुमी बसा. अगदी तेच शब्द. विमलबाई बसल्या.

थंडीत, भाताची झोडणी आटोपल्यावर, एक दिवस त्या कोणाला न सांगता खाली उतरल्या आणि नेरळ स्टेशनबाहेरच्या बाजाराकडे निघाल्या. मनात पक्कं ठरवलं होतं. ठमी कुठे ना कुठे बसत असेल. तिला गाठायचं, तिच्यापुढे सगळं ओकायचं, पाया पडायचं. मग तिला हाताला धरून फाटकातून आत आणायचं आणि श्रद्धापुढे उभं करायचं. आपली परात गेली तर गेली, पण हे एवढं तरी करून मरायचं.

ठमी पुलाच्या कडेला बसली होती, पुढ्यात गोणपाटावर वालाच्या शेंगा आणि माठाचा ढीग. विमलबाईंनी तिला दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. किती वाळली होती. ठमीनं मान वर केली आणि तिचा चेहरा फुलला. "विमलबाय! ये, बस. डोल्याला चश्मा काला घातलास तो? आपरेशान केलास? बरा केलास." तिनं गोणपाटाचा कोपरा झटकून जागा केली. रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर विमलबाईंना बोलणं सोपं गेलं असतं.

"ठमे, मला तुला एक सांगायचं हाय..."

"सांग की. माठ दिऊ? कवला हाय, झऱ्याकाठचा." आणि उत्तराची वाट न बघता ठमीनं माठ मांडीवर घेतला, आणि बोलता बोलता तिची बोटं चालू लागली. मूळ तोडलं, किडकं पान बाजूला, गवताची काडी बाजूला, जून देठ मोडून टाकला. विमलबाई बघत राहिल्या. इतकं स्वच्छ दिसत होतं आता.

"असू दे, ठमे," त्या म्हणाल्या. "मी घरी निवडीन."

"सवय झाली, बाय. तुझी भाजी हातात आली का बोटा आपोआप चालतात." ठमी हसली. "तुला दिसत नव्हता ना. मला कवाच कललेला. चा दिलास ती कपाच्या भाईर वतलास एकदा. मी म्हनला, हिला इचारला तं हिला वाईट वाटंल, नि घरात कलला तं हिचा काम जाईल. म्हून मी वाटंतच बसून निवडून आनायची. दोन पावसाले."

विमलबाई गोणपाटाच्या कोपऱ्यावर बसल्या.

"पर चुकी माझीच झाली," ठमी खाली बघत म्हणाली. "ताप व्हता, सुनेला धाडली, नि तिला सांगायचा इसरले का विमलबायची शेवला सोलून, निवडून ने. पोरीचा घसा सुजला ना? वाचमन बोलला. मी आलेली तुला सांगायला, पाया पडायला. तुमच्या बिल्डिंगीतल्यांनी आत येऊ दिला नाय, बरोबरच हाय. कोन सोडंल? माझ्यानंच झाला ता."

पाया पडायला विमलबाई आल्या होत्या. जे सांगायचं होतं ते सगळं तोंडात तयार होतं, वाटेत घोकलेलं. पण जिनं चूक आधीच पदरात घेतली होती, तिला आता काय म्हणायचं? मी तुझ्यावर आळ घेतला? ठमीला तो आळ वाटतच नव्हता. सांगितलं तर एवढंच होणार होतं, की आपलं ओझं उतरणार आणि या बाईला कळणार, की जिच्यासाठी दोन पावसाळे वाटेत बसून बोटं झिजवली ती पडद्यामागे उभी होती.

"परत ये ना," एवढंच त्या म्हणाल्या.

"आता नाय व्हत, बाय. गुडघं गेलं. नि सून जाते पोल्ट्रीवर. तुमच्या बिल्डिंगीत आता पिशवीतली खातात म्हनं." ठमीनं माठाची जुडी वळली, गवताच्या काडीनं बांधली, आणि विमलबाईंच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. शपथ घातली.

घरी आल्यावर विमलबाईंनी वर्तमानपत्र अंथरलं. परात घेतली. जुडी सोडली आणि एक एक पान उजेडात धरून बघितलं. वरून, खालून, देठाशी. एखादी काडी, एखादं किडकं पान, एखादं मूळ. काही तरी काढून टाकायला मिळेल म्हणून त्यांनी सगळी भाजी दोनदा चाळली. कागदावर काहीही पडलं नाही. दिवस मावळला तरी कागद कोरा होता.

श्रद्धा आली. दारातच थबकली. "अरे वा, माठ! कुठून आणलात? आणि आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, ताण नको. कशाला निवडत बसलात?"

"मी नाय निवडली," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. "मी निवडतच नव्हते गं. निवडलेलीच मिळत व्हती मला."

"हो का? मग बरं झालं," श्रद्धा म्हणाली. तिनं पर्स खुंटीला अडकवली, परात उचलली, आणि माठ फ्रिजमध्ये पाकिटाशेजारी नेऊन ठेवला.